फ्रॉकला पडलेली भोकं

त्या दिवशी भिंगरीला आणायला पाळणाघरात गेले, तर तिचा फ्रॉक उलटा होता. शिवण बाहेर आलेली, मानेमागची पट्टी हनुवटीखाली. सकाळी मी स्वतः घातला होता, सुलटा, पाठीवरचं बटण लावून. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तो काढला होता आणि घाईघाईत परत चढवला होता.

पाणीबिणी सांडलं का, असं मी ताईंना विचारलं. नाही, नाही, सगळं छान, असं त्या म्हणाल्या आणि भिंगरीच्या बुटांचे बंद बांधायला खाली वाकल्या. पाळणाघर सांभाळणाऱ्या या बाईंना मी मनातल्या मनात ताई म्हणते. त्यांच्या भाषेत तशी सोय नाही, पण रोज पोटची पोर जिच्या हातात द्यायची तिला नुसतं नावाने हाक मारणं माझ्या जिवावर येतं.

घरी येऊन पिशवी तपासली. बदलायचे कपडे होते तसेच, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. फ्रॉक कोरडा. मग काढला कशाला?

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला दूधवाला एक मिनिट उशिरा आला तरी त्यात कट दिसतो. इथे दूधवाला येत नाही, हे सांगायच्या फंदात मी पडले नाही. माझ्या कानात मावशीचं बोलणं घुमत होतं. आम्ही परदेशी यायला निघालो त्याच्या आदल्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तिकडे म्हणे सरकारची माणसं पोरं उचलून नेतात. आणि आरडाओरडा करत येत नाहीत हो, हसत हसत येतात. नुसतं हसून बोलणाऱ्यांपासून जपून राहा." तेव्हा मी तिला हसले होते. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई मावशीच्या अशा गोष्टींना हसणार नाही तर काय करणार? पण इथे आल्यापासून बसस्टॉपवर कुणी भिंगरीकडे बघून हसलं की मी तिची टोपी कानांवर ओढून घ्यायला लागले होते.

इथे आम्ही आलो ते माझ्या नोकरीमुळे, हेही सांगायला हवं. वस्तीच्या केंद्रात मी शिकवते. अभ्यासक्रमाचं नाव भारदस्त आहे, टिकाऊ जीवनशैली वगैरे. प्रत्यक्षात नळाचा गळका वॉशर बदलणं, ओल्या कचऱ्याचं खत, उरल्यासुरल्या साबणाची वडी आणि फाटक्या कपड्यांचं रफू. वर्ग वरच्या मजल्यावर, पाळणाघर खाली. शिकवणाऱ्यांच्या मुलांना तिथे जागा मिळते, म्हणून तर मी ही नोकरी धरली. नवरा माझ्याबरोबर आला आणि त्याला एका गोदामाच्या ऑफिसात काम मिळालं. घर दोन खोल्यांचं. खिडकीबाहेर भिंत, भिंतीपलीकडे दुसऱ्याची खिडकी.

रफूचा वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात माझी पंचाईत झाली. घरून फाटलेलं काहीतरी घेऊन या, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळे आले, कपडेही आणले, धुतलेले, इस्त्री केलेले. कुणाचं बटण सैल, कुणाची दुमड उसवलेली. भोक एकालाही नाही. फाटलेलं ते आधीच टाकून मोकळे झाले होते, आणि एखाददुसरं असलंच तर चारचौघांत आणायची लाज. हे मात्र अगदी आपल्याकडच्यासारखंच.

भोकाशिवाय रफू शिकवायचं कसं? पहिल्या दिवशी मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, या वर्गात धडधाकट कापडाला कात्री लागणार नाही. केंद्रप्रमुख बाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं. तेव्हा वर्गात नवं कापड फाडायची सोयच राहिली नव्हती. माझे स्वतःचे कपडे दोन बॅगांत मावतील तेवढे. नवऱ्याचे शर्ट ऑफिसचे. उरले भिंगरीचे. लहान असतात, हाताखाली पूर्ण मावतात, टेबलाभोवती उभ्या असलेल्यांना एका नजरेत दिसतात, आणि पोर वाढतेय, तसेही ते चार महिन्यांत आखूड होणारच. एका दुपारी ती झोपलेली असताना मी तिच्या स्वेटरच्या कोपरावर छोटी कात्री चालवली. कड जरा नखाने ओढून विसकटली, म्हणजे नैसर्गिक वाटेल.

वर्गात टोपीवाले आजोबा नेहमी सगळ्यात पुढे बसतात. निवृत्त बसचालक. वर्गातसुद्धा टोपी काढत नाहीत आणि मनात आलेलं विचारल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी विचारलं, हे कसं फाटलं? मी क्षणभर गडबडले आणि म्हटलं, जिन्यावरून पडली, कोपर घासलं. सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. कुणी म्हणालं, माझाही नातू असाच. आणि मग सगळे जे जवळ सरकून बसले आणि मन लावून टाके घालायला लागले, ते बघून मला कळलं की नुसत्या भोकाने भागत नाही, भोकाला गोष्ट लागते.

तेव्हापासून तसंच चाललं. विणलेल्या कापडाचं रफू झालं, मग साध्या कापडाला ठिगळ, मग शिवणीजवळचं ठिगळ, मग चुण्यांमधलं. प्रत्येकाला जागा वेगळी लागते. खांद्यावर भोक: दाराची कडी लागली. छातीवर: मी इस्त्री करत होते, ती मध्ये आली. पाठीवर: पाळणाघराच्या कुंपणाला खिळा आहे, त्यात अडकली. वर्गात शिवून झालेला कपडा दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या अंगावर. त्याचा मला अभिमानच होता. माझी पोर म्हणजे माझ्या वर्गाचं चालतंबोलतं प्रदर्शन.

नवऱ्यालाही मी याच गोष्टी सांगितल्या होत्या, खिळ्याचीसुद्धा. शिकवण्यासाठी मी चांगले कपडे फाडते, हे त्याला सांगायला जीभ वळली नाही, कारण घरात एक प्लास्टिकची पिशवी टाकली तरी मी त्याला लेक्चर देते.

उलट्या फ्रॉकच्या दिवशी रात्री जेवताना तो सहज म्हणाला, "अगं, त्या खिळ्याचं मी सांगून आलो तुझ्या ताईंना. परवाच. चांगल्या शब्दांत सांगितलं, भांडलो नाही."

म्हणजे ताई त्या खिळ्याचा शोध घेत कुंपणाभोवती फिरल्या असणार. खिळा नाहीच, तर मिळणार कुठून? आता त्यांना वाटत असणार की या बाईने आपल्यावर आळ घेतला. आणि तो राग कुणावर निघणार? ज्या पोरीला आपली बाजू धड सांगता येत नाही तिच्यावर. फ्रॉक खसकन ओढून काढायचा, उलटा घालायचा. मला सगळं चित्र डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाळत ठेवली. वर्गाच्या आधी खाली जाऊन दाराच्या काचेतून बघायचं, मधल्या सुट्टीत पाणी प्यायच्या निमित्ताने परत. एकदा दिसलं की ताई भिंगरीला खिडकीजवळ, उजेडात घेऊन बसल्या आहेत आणि तिची बाही वर सारून दंड बघताहेत. दुसरी एक मदतनीस बाजूला उभी. दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मला बघितल्यावर ताई हसल्या. मावशी म्हणाली होती अगदी तसं.

त्याच सुमाराला माझ्या वर्गात एक नवीन बाई आल्या. मध्यम वय, राखाडी कोट, मागच्या खुर्चीवर बसायच्या. सुईत दोरा ओवायच्या नाहीत. सुई नुसती हातात धरायची आणि माझ्याकडे बघत राहायचं. विचारलं तर मान हलवायच्या, तीही हो की नाही ते कळणार नाही अशी. घरी आम्ही त्यांना मुकी मैना म्हणायला लागलो. नवऱ्याने गंमत म्हणून ठेवलेलं नाव, पण मला गंमत वाटत नव्हती. माझा करार वाढवायचा की नाही हे लवकरच ठरणार होतं. केंद्रप्रमुखांनीच तिला पाठवलं असणार, भिंतीवरचं वाक्य बोलणारी बाई खरंच त्याप्रमाणे वागते का ते बघायला. भोकाच्या कडा ती बोट फिरवून बघायची. कात्रीने कापलेलं आणि फाटलेलं यातला फरक बोटाला कळतो, मीच शिकवलंय.

म्हणून मी गोष्टी आणखी पक्क्या केल्या. नुसतं "पडली" एवढंच नाही, तर कुठल्या पायरीवरून पडली, किती रडली, मी कशी धावले. इस्त्रीची गोष्ट तर मी दुसऱ्यांदा सांगितली, जास्त तपशिलात. मुक्या मैनेने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. भाजलं का तिला, असं विचारलं. थोडंसं, मी म्हटलं. थोडंसं म्हटलं की खरं वाटतं.

आणि घरी भिंगरीला शिकवून ठेवलं. कुणी फ्रॉक काढायला लागलं तर असे हात छातीशी घट्ट धरायचे आणि जोरात ओरडायचं. कुणी काही विचारलं तर सांगायचं नाही. तीन वर्षांची पोर, तिला हा खेळच वाटला. दोन दिवस ती आंघोळीलासुद्धा ओरडत होती.

मग केंद्रप्रमुखांचा निरोप आला. उद्या सकाळी दोघांनी या. मुलीबद्दल बोलायचं आहे.

पाळणाघराशेजारची ती खोली लहान आहे. एरवी तिथे रंगांचे डबे असतात. त्या दिवशी टेबल रिकामं केलं होतं आणि त्यावर भिंगरीचे कपडे पसरून ठेवले होते. स्वेटर, दोन फ्रॉक, पांढरा सदरा. वर्गात शिवून झाल्यावर धुऊन तिथेच सुकायला टाकलेले. टेबलापलीकडे केंद्रप्रमुख, ताई आणि मुकी मैना. मैनेने स्वतःची ओळख करून दिली. त्या सरकारच्या बालकल्याण खात्यातून आल्या होत्या.

मला वाटलं, माझ्या पायाखाली फरशी आहे की नाही ते एकदा वाकून बघावं. नवऱ्याने माझा हात धरला.

त्या हळू आणि स्पष्ट बोलत होत्या, मला समजावं म्हणून. म्हणाल्या, मुलीचे वडील खिळ्याबद्दल बोलले. आम्ही सगळं कुंपण तपासलं, खिळा नाही. म्हणून ताईंनी मुलीची पाठ बघितली, जखम नव्हती. पण कपड्यांना भोकं बरीच दिसली, आणि मुलांचे कपडे जिथे कधी फाटत नाहीत अशा जागी. मग मी वर्गात येऊन बसले. तुम्ही जिन्याचं सांगितलंत, कडीचं सांगितलंत, इस्त्रीचं दोनदा सांगितलंत. आणि आता मुलीला हात लावला तरी ती किंचाळते.

मग त्यांनी स्वेटरच्या कोपरावर बोट ठेवलं. "ती जिन्यावरून पडली, ते कधी?"

"नाही पडली," मी म्हटलं.

"इस्त्री?"

"इस्त्री लागली नाही तिला."

"मग ही भोकं कशी पडली?"

"मी पाडली. कात्रीने."

मी घाईघाईने पुढचं सांगायला लागले. वर्गात कुणी फाटलेलं आणत नाही, शिकवायला भोक लागतं, भिंतीवर ते वाक्य आहे, कपडे कापताना ती झोपलेली असते, अंगात नसतात कपडे, पलंगावर असतात. त्यांच्या भाषेत ते सगळं इतकं खोटं वाटत होतं की मीच ऐकताना मध्येच थांबले. खरं सांगत होते, पण आतापर्यंतच्या गोष्टींपेक्षा ही गोष्टच सगळ्यात जास्त बनवल्यासारखी वाटत होती.

नवऱ्याने माझा हात सोडला होता. केव्हा, ते मला कळलंही नाही. त्या तिघींचं सोडाच, खोलीत माझ्याकडे सगळ्यात जास्त संशयाने कुणी बघत असेल तर तो. तो आपल्या भाषेत, हळूच म्हणाला, "खिळा नव्हताच? मी त्या बाईंना जाऊन बोललो, आणि खिळा नव्हताच?"

मी मान हलवली.

"आणखी काय नाहीये ते आत्ताच सांग."

मुक्या मैनेला आमची भाषा येत नव्हती, पण तिला सगळं कळलं असावं. ती म्हणाली, मुलीला आज डॉक्टरांना दाखवायचं, तुमची संमती असेल तर. संमती नसेल तर काय, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दवाखान्याची खोली उबदार होती. भिंगरीला नवऱ्याने घेतलं होतं. मी हात पुढे केले तर तो म्हणाला, राहू दे. डॉक्टरीणबाईंनी तिचे कपडे एकेक करून काढले. भिंगरीने हात छातीशी घट्ट धरले आणि माझ्याकडे बघितलं, मी शिकवलेलं बरोबर केलं का म्हणून. मी म्हटलं, सोड बाळा, सोड हात. ती लगेच सोडून मोकळी झाली. डॉक्टरीणबाईंनी हे पाहिलं.

त्यांनी दंड बघितले, पाठ बघितली, कानांमागे बघितलं, तळवे उघडून बघितले. आणि मी डोळ्यांत तेल घालून त्यांच्या बोटांच्या मागोमाग बघत होते. आपण पोरीच्या केसालाही धक्का लावलेला नाही हे मला ठाऊक होतं. तरी प्रत्येक जागी वाटायचं, आता काहीतरी दिसेल. एखादा वळ, एखादा डाग, जो मला माहीत नाही आणि ज्याची गोष्ट माझ्याकडे नाही. माझ्याच पोरीकडे मी त्या तिघींच्या नजरेने बघत होते.

काही निघालं नाही. गुडघ्यावर खरचटलेलं होतं, ते सगळ्याच पोरांना असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा मोठा श्वास सोडला. घरी जाताना त्याने भिंगरीला माझ्याकडे दिलं, पण बोलला नाही.

भिंगरी आमच्याकडेच राहिली. मुक्या मैनेने सांगितलं की काही आठवडे रोज सकाळी पाळणाघराच्या दारात आईने आणि ताईंनी मिळून मुलीला एकदा बघायचं. आणि केंद्रप्रमुख म्हणाल्या, वर्गाला खरं सांगा, मग पुढचं बघू.

वर्गाला सांगितलं. कितीही घोकून गेले होते तरी दोनच वाक्यांत संपलं. मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या, आपला शिवलेला मोजा माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. त्या परत आल्या नाहीत. टोपीवाल्या आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाले, "म्हणजे ती पोरगी जिन्यावरून पडलीच नाही. मी घरी बायकोला सांगितलं, ती दोन दिवस हळहळत होती. आता तिला काय सांगू?"

मी म्हटलं, सांगा की शिकवणारी खोटारडी आहे.

"ते मी आधीच सांगितलंय. भोक फार गोल होतं," आजोबा म्हणाले. दोघंतिघं हसले. बाकीचे हसले नाहीत. मग मी पिशवीतून माझी ओढणी काढली आणि सगळ्यांच्या देखत तिला कात्री लावली. हे भोक मी पाडलं, आत्ता, तुमच्यासमोर, असं म्हणून शिकवायला सुरुवात केली. भिंतीवरचं वाक्य केंद्रप्रमुखांनी काढून टाकलं नाही. मला रोज त्याच्याखाली उभं राहून शिकवावं लागतं.

घरी नवरा बोलायला लागला, पण मी काहीही सांगितलं की त्याचा घास क्षणभर थांबतो. आज भाजी महाग होती म्हटलं तरी. मी तक्रार करत नाही.

सकाळी पाळणाघराच्या दारात, बुटांच्या फळीजवळ, ताई आणि मी गुडघ्यांवर बसतो. मी फ्रॉक काढते, ताई बघतात, मी घालते. पहिले काही दिवस आम्ही एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोललो नाही. मी त्यांच्या बोटांकडे बघायची, त्या माझ्या तोंडाकडे. भिंगरीला मात्र मजा वाटायची, ती गोल फिरून दाखवायची.

आज फ्रॉक काढला आणि पाठीवर, कमरेच्या वर, निळसर डाग दिसला. नाण्याएवढा. काल सकाळी नव्हता.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताईंकडे बघितलं. त्या क्षणी मला खात्रीने वाटलं की हे यांनीच केलंय, काल, मी वर असताना. आणि त्यांच्या डोळ्यांत बघून कळलं की त्यांनाही माझ्याबद्दल तेवढ्याच खात्रीने तेच वाटतंय. जिभेवर गोष्ट तयार होती. पलंगाची कड, बसमधली दांडी, काहीही चाललं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ताईंनी डागावरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मलाही नाही."

त्यांनी भिंगरीला विचारलं, मी मध्ये बोलले नाही. भिंगरीने आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं, आपल्याला कुठली भाषा बोलायची आहे याचा विचार केल्यासारखं. मग बोलण्यापेक्षा दाखवणं तिला सोपं वाटलं असावं. ती उघड्या पाठीने भराभरा मागे मागे जायला लागली, बुटांच्या फळीच्या दिशेने. आणि फळीची कड आणि तिची पाठ यांच्यामध्ये ताईंचा आणि माझा हात एकदमच जाऊन पोचला.